‘कानात ठोके’ की ‘कानात ठणका’? स्पंदी कर्णनादासाठी शब्द

प्रश्न: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘पल्सटाइल टिनिटस’ला (नाडीच्या लयीत कानात ऐकू येणाऱ्या आवाजाला) ‘स्पंदनशील कर्णनाद’ म्हणावं का? आणि ‘इनर इअर’ला अंतर्कर्ण की अंतःकर्ण?

प्रतिसाद: आधी सोपं. अंतःकरण, तसं अंतःकर्ण. ‘क’च्या आधी इथे विसर्गच राहतो. रुग्णाशी बोलताना मात्र ‘कानाचा आतला भाग’ म्हणा.

कर्णनाद हा शब्द जुना आहे. आयुर्वेदात भेरी-मृदंग-शंखासारखा आवाज तो कर्णनाद आणि बासरीसारखा तो कर्णक्ष्वेड, असा भेदही केलेला आहे. ‘स्पंदनशील’पेक्षा ‘स्पंदी’ आटोपशीर. शीर्षकात ते चालेल, पण रुग्णाला विचारायचा प्रश्न असा हवा: “नाडीच्या ठोक्याबरोबर कानात आवाज येतो का?” ‘ठणका’ अजिबात नको. कान ठणकतो म्हणजे दुखतो, आणि रुग्ण “नाही, दुखत नाही” म्हणून मोकळा होईल.

प्रतिसाद: ‘नाडीबरोबर’ हे गाळू नका, रोगाचं निदान त्यावरच उभं आहे. रुग्णाने ऐकू येणारा ठोका बोटाने टेबलावर वाजवावा, तपासणाऱ्याने त्याच्या दुसऱ्या मनगटाची नाडी धरावी, अर्धा मिनिट. जुळलं तर ‘ठोके’. मध्येच टकटक किंवा फडफड होते आणि नाडीशी जुळत नाही, तर मध्यकर्णातल्या स्नायूंचे झटके असू शकतात. ‘फडफड’ हा शब्द त्यासाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद: पत्रकात अंतःकर्ण हे ‘एक संभाव्य कारण’ एवढंच लिहा. जास्त वेळा मूळ कानाजवळच्या रक्तवाहिन्यांत किंवा कवटीतल्या वाढलेल्या दाबात सापडतं.

अंतःकर्णातलं ठळक कारण म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नलिकांपैकी वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड नसणं. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी 1998मध्ये या विकाराचं वर्णन केलं. अंतःकर्णाला मुळात दोन खिडक्या: रिकिबीखालची (मध्यकर्णातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाखालची) लंबगोल आणि दुसरी गोल. हाड उघडं पडलं की तिसरी तयार होते. मेंदूच्या आवरणाची प्रत्येक ठोक्याबरोबर होणारी हालचाल तिच्यातून नलिकेतल्या द्रवापर्यंत पोचते. स्वतःचा आवाज घुमतो, पावलं आणि काहींना तर बुबुळं फिरल्याचाही आवाज येतो. मोठ्या आवाजाने चक्कर येते.

प्रश्न: मग ‘हाड झिजलं’ लिहू?

प्रतिसाद: नको. ‘हाड पातळ’ आणि ‘हाड नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीचे काप जाड असले तर पातळ हाडही नाहीसं दिसतं. म्हणून सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे काप घेऊन नलिकेच्या प्रतलात चित्र जुळवतात, जोडीला व्हेम्प चाचणी (आवाजाला तोलाच्या अवयवाकडून येणारा स्नायूंचा प्रतिसाद मोजणारी) करतात. ‘हाडात उघडी जागा’ लिहा. ‘भोक’ म्हटलं की लोकांना पडद्याचं भोक वाटतं.

आणखी एक. या विकाराचा श्रवणआलेख रिकीब घट्ट बसल्यासारखा दिसू शकतो आणि रिकिबीची शस्त्रक्रिया नाहक होते. मोठ्या आवाजाला मध्यकर्णाचा स्नायू आपोआप आकसतो; ही प्रतिक्षिप्त क्रिया इथे सहसा शाबूत असते, रिकीब घट्ट असेल तर सहसा मिळत नाही. ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.