फायबरग्लासच्या मोटर यॉटमध्ये आधी काय घडते : सांगाडा की कवच?

प्रश्न : लाकडी होडीत आधी कणा आणि बरगड्या उभ्या राहतात, मग फळ्या बसतात. फायबरग्लासच्या यॉटमध्ये हा क्रम कसा असतो?

उत्तर १ : बहुधा उलटा. संगणकावरील आराखड्यावरून यंत्राने पूर्णाकृती नमुना कोरतात, त्यावरून साचा काढतात, आणि साच्याला मेण लावून प्रथम जेलकोटचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर, म्हणजेच यॉटची चकाकती त्वचा, फवारतात. त्यामागे काचतंतूंचे थर येतात. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळया आणि आडभिंती नंतर, कवच साच्यात असतानाच, जोडतात.

उत्तर २ : राळ (रेझिन), म्हणजे काचतंतूंना एकत्र धरून कडक होणारे द्रव्य, कशी भरली, यावर बरेच ठरते. निर्वात पद्धतीत कोरडे तंतू प्लास्टिकखाली झाकून हवा काढतात आणि आत ओढली जाणारी राळ त्यांना भिजवते. त्यामुळे हाताने थापलेल्या कामापेक्षा राळ कमी लागते आणि कवच हलके होते. पाण्याखालचे बाहेरचे थर व्हिनाइलएस्टर राळेचेच असावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण साध्या पॉलिएस्टर राळेमध्ये पाणी झिरपून फोड येतात.

उत्तर ३ : तळाचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. १९६० ची मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यत नौकारचनाकार रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ तळाच्या लाकडी बोटीने जिंकली, आणि त्याच तळावरून फायबरग्लासची बर्ट्रम ३१ ही मोटरबोट घडली.