कोल्हापुरात नाटक आणि जेवण एकाच संध्याकाळी : सल्ला हवा

नमस्कार. पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिकडे डिनर थिएटर म्हणून एक प्रकार आहे, ज्यात प्रेक्षक टेबलाभोवती बसून जेवतात आणि त्याच दालनात समोर नाटक होते. असे काही कोल्हापुरात करता आले तर आईबाबांना वेगळी संध्याकाळ अनुभवता येईल, असा तिचा आग्रह आहे. आम्ही एकूण सहाजण आहोत. बाबांना गुडघ्यांमुळे फार पायऱ्या चढवत नाहीत, आई शाकाहारी आहे, आणि बाकीच्यांना तांबड्या-पांढऱ्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. असे ठिकाण कोणाच्या माहितीत आहे का? नसल्यास नाटक आणि जेवण यांची सांगड कशी घालावी?
– रंकाळाकाठ

रंकाळाकाठ, तुमची बहीण सांगते तो प्रकार अमेरिकेत १९५० च्या दशकापासून रुजला. तिथेही बहुतेक ठिकाणी आधी जेवण उरकते, ताटे उचलली जातात आणि मगच नाटकाला सुरुवात होते. कित्येकदा तर वाढायला आलेली माणसेच पुढे रंगमंचावर दिसतात. आपल्याकडे नाटकाशी खाण्याचा संबंध मध्यंतरातल्या बटाटेवड्यापुरता, आणि तो संबंधही काही कमी जुना नाही. नेमाने चालणारे डिनर थिएटर कोल्हापुरात माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

एकदा मात्र एका हॉटेलने 'जेवणासह एकपात्री प्रयोग' ठेवला होता, त्याला आम्ही गेलो होतो. नट चांगला होता. वडील गेल्याची तार तो हातात धरून उभा होता, सगळे दालन गप्प होते, आणि त्याच क्षणी मागच्या टेबलावरून आवाज आला, "पांढरा अजून एक वाटी आणा, गरम असेल तर." नटाने तार खाली ठेवली, वाटी येईपर्यंत तो थांबला आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. त्या गृहस्थांनाही दोष देता येत नाही, कारण पांढरा रस्सा निवला की त्यावर तुपाची साय धरते आणि त्याची चव जाते. जेवण आणि नाटक दोन्ही करावे, पण एकाच वेळी करू नये, असे त्या दिवसापासून माझे मत झाले आहे.
– तिसरी घंटा

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त क्रमाचा विचार नीट करावा. रात्रीचा प्रयोग घेतलात तर मराठी नाटक मध्यंतर धरून अडीच ते तीन तास चालते, आणि तुम्ही बाहेर पडेपर्यंत बऱ्याच खानावळींत पातेली घासायला गेलेली असतात. नाटकाआधी मटणाचे ताट जेवून गेलात तर दुसऱ्या अंकात बाबांच्या घोरण्याची साथ मिळेल. म्हणून रविवारी दुपारचा किंवा संध्याकाळचा लवकरचा प्रयोग बघावा आणि नंतर निवांत जेवावे. अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, त्यामुळे मटण खाणाऱ्यांसाठीही रविवारच सोयीचा. मात्र काही खानावळी रविवारी रात्री बंद असतात किंवा लवकर आवरतात, तेव्हा फोन करून आधी विचारावे आणि सहाजणांची जागा सांगून ठेवावी.

नाट्यगृहाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले, तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, तिथे मोठी आग लागली. जुन्या सवयीने रिक्षावाल्याला 'केशवराव' सांगून मोकळे होऊ नका. जाहिरातीत प्रयोगाचे ठिकाण कोणते दिले आहे ते वाचूनच निघा. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनातही कार्यक्रम होत असतात आणि तिथे वाहन अगदी जवळ आणता येते. बाबांसाठी कडेच्या रांगेतली खुर्ची मागावी, आणि तिकीट घेतानाच पायऱ्या किती आहेत हे विचारावे.
– पेठकर

आईंसाठी अख्खा मसूर आणि भाकरी सुचवते. शाकाहारी माणसाला पनीरवर भागवायला लावणे हा आपल्या गावातल्या मटणप्रेमींचा जुना अन्याय आहे! एकाच ठिकाणी दोन्ही मिळत असले तरी आईंना स्वयंपाकघर वेगळे लागते का, ते त्यांनाच विचारून घ्या. माझ्या सासूबाईंनी एकदा संपूर्ण जेवणभर फक्त सोलकढी घेतली होती आणि कारण घरी आल्यावर सांगितले.

नाटकाआधी भूक लागली तर खासबागेजवळची भेळ अर्धी-अर्धी खावी. मिसळ मात्र सकाळीच, संध्याकाळी तिच्या वाटेला जाऊ नये. जेवणानंतर उत्साह उरला असेल तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. तिथे म्हैस समोर पिळून फेसाळते दूध पेल्यात देतात. बाबांना गाडीतच पेला नेऊन देता येईल.
– कसबेकर

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला 'तिसरी घंटा' यांचा पांढऱ्या रश्श्याचा किस्सा वाचून दाखवला, तेव्हा तिने डिनर थिएटरचा हट्ट सोडला. रविवारचा प्रयोग आणि नंतर जेवण असे ठरवत आहोत. आईला विचारले, स्वयंपाकघर एक असले तरी चालेल, पण पळी वेगळी हवी, असे ती म्हणाली. भेळ वगळावी का, एवढेच आता ठरायचे आहे, कारण मध्यंतरातला वडा सोडायला बाबा तयार नाहीत.
– रंकाळाकाठ

भेळ वगळा. वडा ठेवा.
– पेठकर