वयनीला पाचवा महिना, एचबी ९.२, आणि आई म्हणते "पोर बारीक असलेलं बरं"

डिचोलीची_पोर:
नमस्कार मंडळी, जरा गोंधळलेय म्हणून विचारते. वयनीला पाचवा महिना चालूय, पहिलंच बाळंतपण. दादा बोटीवर असतो म्हणून गेल्या आठवड्यात तपासणीला मीच गेले तिच्यासोबत, तर कार्डावर एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ९.२ आणि वजन ४३ चं फक्त ४४ झालंय. नर्सबाई "गोळ्या घे, नीट जेव" एवढंच बोलल्या आणि पुढचं नाव पुकारलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते काय होत नाही, जास्त खाल्लं की पोर पोटात मोठं होतं आणि मग सिझर करतात, बारीक असलेलं बरं, तिने म्हणे पेज पिऊन तीन पोरं काढली. आता ऑफिसातली मैत्रीण म्हणते मुलाची उंची पोटात असतानाच ठरायला लागते, आई अशक्त तर मूल खुजं राहतं. खरंय हे की व्हॉट्सअॅपवालं ज्ञान? कारण आमच्याकडे सगळेच बुटके, मीच ४ फूट १० इंच. उंची रक्तातूनच येते ना?

फोंडेकर_बाब:
रक्तातूनच येते. आमच्या आजीने शेतात राबून सात जणांना जन्म दिला, कोण मोजत होतं एचबी. आणि गोव्यात कसलं कुपोषण, नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, घास उतरत नाही कोणाच्या. हे सगळं बिहार-यूपीचं आहे, उगाच पोरीला घाबरवू नका.

निवृत्त_सिस्टर:
बाब, ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढलीत म्हणून बोलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला गोव्यातली पाच वर्षांखालची २०.१ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती, २०१९-२१ ला ती २५.८ टक्के झाली. म्हणजे चारातलं एक. तेव्हा देशाचा आकडा ३५.५ होता, त्यापेक्षा आपण बरे होतो, पण कमी व्हायच्या ऐवजी आपला आकडा वाढला.

आणि रक्ताचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे तक्ते काढले ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजून. भारतातली मुलं दिल्लीची होती. आई धडधाकट, घरात खायला-प्यायला नीट, तर पाच वर्षांपर्यंत दिल्लीचं पोर आणि नॉर्वेचं पोर जवळपास सारखंच वाढतं. दोन वर्षांची मुलगी साधारण ८६ सेंमी भरते, ८० च्या खाली गेली की वाढ खुंटली म्हणायची. आईबापाची उंची थोडी येतेच, पण आई बुटकी असते ते पण पुष्कळदा तिच्या आईने पेजेवर दिवस काढले म्हणून, हे कोण बघत नाही.

डिचोलीच्या पोरी, आता तुझं. गरोदरपणात एचबी ११ च्या वर पाहिजे. रक्त कमी, वजन वाढत नाही, म्हणजे वारेतून बाळाला पोचतं पण कमीच, मग मूल अडीच किलोच्या खाली जन्मायची भीती असते आणि ते मागे पडलेलं भरून काढणं फार जड जातं. पोटातले २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षं, हाच काय तो वेळ. बारीक मूल म्हणजे सुखाचं बाळंतपण हे आईला कोणी सांगितलं देव जाणे, मी तर बारीक मुलंच काचेच्या पेटीत जास्त पाहिली. ११ च्या खाली असेल तर लोहाच्या दिवसाला दोन गोळ्या देतात, कार्डावर काय लिहिलंय बघ, मनाने वाढवू नका. महिन्याने परत रक्त तपासायचं, एक ग्रॅमने तरी चढलं पाहिजे, नाही चढलं तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. जंताची गोळी झाली का ते पण विचार. आणि ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर गरोदर बायकांना फुकट तपासतात तेव्हा घेऊन जा. ती मशेरी लावते का? लावत असेल तर आजच बंद, तंबाखूने बाळाचं वजन घटतं.

पेडण्याची_माय:
सिस्टर बरोबर बोलल्या. माझं सांगते, मी गोळी रोज घेत होते तरी एचबी हलेना, मागीर कळलं की सकाळी च्या-पावाबरोबरच घेत होते आणि त्याच्यावर लगेच कॅल्शियमची 🤦‍♀️ चहाने लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमने पण नाही, दोघांत दोन तास तरी अंतर पाहिजे. मग रात्री जेवून झाल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले, मळमळ पण कमी झाली. संडास काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

सत्तरीची_अंगणवाडीताई:
मी एकच विचारते, वयनी जेवते कधी, सगळ्यांच्या आधी की नंतर? आम्ही अंगणवाडीतून घरी नेण्याचं आहाराचं पाकीट देतो ते गरोदर बाईसाठी असतं आणि त्याचे लाडू होऊन अख्खं घर खातं, बाईच्या वाट्याला अर्धा. गृहभेटीला गेले की मी आता थेट भांड्यात डोकावते, सासवांना राग येतो, येऊ दे. महागाचं काय नको, तांबडी भाजी, अळसांदे म्हणजे चवळी, नाचण्याचं सत्व, बांगडा नाहीतर तारल्या. फक्त मोरी म्हणजे शार्क मासा नको, तिच्यात पारा असतो. पहिलटकरणीला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, फॉर्म भरला नसेल तर तुमच्या अंगणवाडीत विचारा.

फोंडेकर_बाब:
सिस्टर, चारातलं एक हे माहीत नव्हतं. पण आजीची सात सांगितली त्यातली जगली चार, हे लिहायचं राहिलं.

डिचोलीची_पोर:
ताई तुम्ही विचारलं म्हणून काल सुट्टी होती तर मुद्दाम बघितलं. वयनी जेवायला बसली पावणेतीनला, सगळ्यांचं वाढून, ओटा पुसून. हुमणाच्या, म्हणजे माशाच्या आमटीच्या, कुंडल्यात नुसता रस उरलेला, तुकडे बाबांना आणि मला वाढून संपलेले, आणि मी आजवर कधी बघितलंच नाही की तिच्या ताटात काय असतं, लाज वाटली. गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर सापडली, दहातल्या सात तशाच. विचारलं तर म्हणते मळमळतं आणि आईंना सांगू कसं. आता रात्रीच्या जेवणानंतर मीच हातावर देते, लिंबूपाणी पण मीच करते. मशेरी नाही लावत. ९ तारखेची रजा टाकलीय.

सिस्टर, तुमचं काचेच्या पेटीचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलली नाही, उठून गेली. आज दुपारी बघते तर दोन तारल्या वाटीत वेगळ्या झाकून ठेवलेल्या, आणि वर मला म्हणते, "सिझर झालं तर हॉस्पिटलात रात्रीचं तूच राहायचं."