खणणाऱ्याने किती वर्षं दाबून ठेवायचं? (क्नॉसॉसच्या पाट्या)

सागरगोटा:
ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्सने १९०० साली ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नॉसॉसच्या प्राचीन राजवाड्याचं उत्खनन सुरू केलं आणि पहिल्याच हंगामात लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यातल्या 'लिनियर बी' या तेव्हा कुणालाच वाचता न येणाऱ्या प्राचीन लिपीच्या पाट्यांचा मोठा संग्रह छापून आला तो थेट १९५२ मध्ये. तोवर एव्हान्सला जाऊन ११ वर्षं झाली होती. फिनलंडच्या योहानेस सुंडवालने मधेच ३८ पाट्या उतरवून छापल्या, तर एव्हान्सची त्याच्यावर खप्पामर्जी!

श्रेय खणणाऱ्याचंच. पण सापडलेलं साहित्य अडवून धरायचा हक्क त्याला अजिबात नाही. ॲलिस कोबर ब्रुकलिनच्या कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात ही लिपी सोडवायला बसायची. युद्धात कागद मिळेना, म्हणून मिळेल त्या रद्दीची कार्डं कापून सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवायची. छापून आलेल्या मोजक्या पाट्यांवरून तिने दाखवून दिलं की या भाषेत शब्दांना प्रत्यय लागतात. १९५० साली, ४३व्या वर्षी ती गेली. सगळ्या पाट्या तिला वेळेवर मिळाल्या असत्या तर? मला याचा खरंच राग येतो.

पांढरीची माती:
राग समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. एव्हान्स काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. क्नॉसॉसच्या राजवाड्यावरचे त्याचे खंड १९२१ ते १९३५ या काळात निघाले. आणि घाई केली की काय निसटतं तेही बघा. २०१५ मध्ये ग्रीसमधल्या पायलोसला एका प्राचीन योद्ध्याचं थडगं सापडलं. त्यात चुनखडीच्या थरात गुरफटलेला, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा अकीकाचा मणी होता. तो साफ केल्यावर आतून लढाईचं दृश्य निघालं, आणि त्यातले काही तपशील इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. आल्या आल्या छापला असता तर 'एक मणी' एवढीच नोंद झाली असती.

सागरगोटा:
अहो, पण थडग्याची बातमी त्यांनी त्याच वर्षी दिली आणि मणी २०१७ मध्ये छापला. दोन वर्षं कुठे, पन्नास कुठे!

उंबरठा:
पायलोसलाही लिनियर बीच्या पाट्या निघाल्या, त्यांचं उदाहरण मधे कुणी आणलं नाही. तिथे खणणाऱ्या कार्ल ब्लेगनला त्या १९३९ मध्ये सापडल्या, आणि महायुद्ध आलं. त्या पाट्यांवरचं एमेट बेनेटचं पुस्तक आलं १९५१ मध्ये. हा उशीर नुसता युद्धाचा नव्हे. एकच चिन्ह दहा लेखनिक दहा प्रकारे काढणार. त्यातलं कुठलं वेगळं आणि कुठलं तेच, हे बेनेटने निवडून काढलं. मायकेल व्हेंट्रिसने लिपी उलगडून १९५२ मध्ये ती ग्रीक भाषेची असल्याचं जाहीर केलं, ते याच पायावर. नुसते फोटो वाटून हे झालं नसतं.

सागरगोटा:
बेनेटला मनापासून सलाम. पण ब्लेगनने त्या पाट्या बेनेटच्या, म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिल्या, हे विसरू नका. पुढे १९५२ च्या हंगामात निघालेली एक पाटी ब्लेगनने व्हेंट्रिसची अक्षरमूल्यं (कुठल्या चिन्हाचा उच्चार काय, ते) लावून वाचली. तीन पायांच्या भांड्याच्या चित्राशेजारी 'ती-री-पो', म्हणजे ग्रीकमध्ये 'तीन पायांचं'. चार कानांच्या भांड्यापाशी 'चार'चा शब्द, तीन कानांच्या भांड्यापाशी 'तीन'चा! आणि ती छापायची वाट न बघता १९५३ मध्ये त्याने व्हेंट्रिसला पत्र लिहून कळवलं. मी मागतोय ते एवढंच.

पांढरीची माती:
पत्र एका जाणकाराला लिहिलं, सगळ्या जगाला नव्हे. तुम्ही मागताय ते त्याहून बरंच जास्त आहे, आणि तिथेच माझा विरोध आहे.