इंटिग्रेटेड ॲम्प जरूर घ्या, पण आतल्या डॅकसाठी आणि हेडफोन जॅकसाठी नको

डावाउजवा
बजेट साठ हजार. खोली दहा बाय बारा. बुकशेल्फ स्पीकर घरात आहेत, ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे. रात्रीसाठी सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन. अशा माणसाला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: आत डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) असलेला इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) ॲम्प घ्या, पुढे हेडफोन जॅक आहेच, एका डब्यात काम तमाम. मरांट्झ पीएम६००७ आणि यामाहा ए-एस५०१ ही त्यातली नेहमीची नावं. माझं मत नेमकं उलटं आहे. पटलं नाही तर खुशाल तुटून पडा.

आधी वॅटचा विषय उरकतो. पीएम६००७ आठ ओहमच्या स्पीकरला ४५ वॅट देतो, ए-एस५०१ ८५. कागदावर जवळपास दुप्पट, आवाजात फरक पावणेतीन डेसिबलचा. माझ्या खोलीत ४५ सुद्धा कधी पूर्ण लागायचे नाहीत. त्यामुळे वॅटवरून भांडण नको, भांडायला बाकी पुष्कळ आहे.

डॅकबद्दल. या दोन्हींत ऑप्टिकल (प्रकाशाची) आणि कोॲक्शियल (तांब्याच्या तारेची) डिजिटल इनपुट आहेत, यूएसबी नाही. टीव्ही जोडता येतो, लॅपटॉप थेट नाही. ॲम्पचं सर्किट नीट वापरलं तर वीस-तीस वर्षं जातं. डॅकची चिपही सहसा जात नाही, पण त्याला काय काय जोडायचं ते दर काही वर्षांनी बदलतं. यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीने आवाज पाठवायचं मानक) चा ड्रायव्हर विंडोजमध्ये आला २०१७ ला, त्याआधी प्रत्येक डॅकचा ड्रायव्हर वेगळा शोधावा लागे. ब्लूटूथचे कोडेक (आवाज आकुंचित करून पाठवायच्या पद्धती) येत राहतात, टीव्ही एचडीएमआय आर्ककडे (एचडीएमआय केबलनेच आवाज बाहेर काढायची सोय) गेले. जे आधी कालबाह्य होणार ते आठ-दहा किलोच्या ॲम्पच्या पोटात कशाला ठेवायचं?

खरा आक्षेप हेडफोन जॅकवर. पुष्कळ इंटिग्रेटेडमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट नसतंच. स्पीकरला जाणाऱ्या आउटपुटवर दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर टाकतात आणि तीच लाइन जॅकला देतात. एचडी ६०० चा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) म्हणायला ३०० ओहम, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. समजा मधला रेझिस्टर ३३० चा आहे. जिथे इम्पिडन्स ३०० आहे तिथे हेडफोनला ४८ टक्के व्होल्टेज मिळतं, जिथे ५०० आहे तिथे ६० टक्के. म्हणजे डग्ग्याच्या पट्ट्यात दोन डेसिबलचा फुगवटा. तो रेकॉर्डिंगमध्ये नाही, ॲम्पने पदरचा घातलेला आहे. मल्टी-ड्रायव्हर (एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेले) इअरफोन लावलात तर याहून वाईट, कारण त्यांचा इम्पिडन्स फारच वरखाली होतो. सर्वमान्य ठोकताळा असा की आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पच्या बाजूचा विरोध) हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा.

म्हणून माझी जोडी: फियो के७ सारखा डॅक-कम-हेडफोन ॲम्प, त्याच्या मागच्या लाइन-आउटमधून (दुसऱ्या ॲम्पला सिग्नल देणारं आउटपुट) बिनडॅकच्या साध्या इंटिग्रेटेडला सिग्नल.

भाडेकरू
असहमत. गणित बरोबर आहे, पण जगणं नावाची गोष्ट असते. दोन डबे म्हणजे दोन प्लग, एक ॲडॅप्टर, मागे वायरींचा गुंता आणि दर अकरा महिन्यांनी तो सोडवून टेम्पोत भरणं.

शिवाय तुमच्या यूएसबीचं एक दुखणं तुम्ही सोयीस्कर गाळलंत. डेस्कटॉप पीसी, मग यूएसबीने डॅक, मग आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) केबलने ॲम्प, असं लावलं की ग्राउंड लूप होतो, म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून नको ती वीज फिरते. स्पीकरमधून घूंऽऽ, आणि माउस हलवला की वर किर्रकिर्र. त्यात जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगची बोंब असली तर विचारू नका. ऑप्टिकल केबलमधून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो, घूं बंद. तेव्हा ज्या ऑप्टिकलला नावं ठेवताय तेच माझ्या मते सगळ्यात शहाणं इनपुट.

डावाउजवा
@भाडेकरू, के७ लाही ऑप्टिकल आहे. आणि मी त्याला नावं ठेवली नाहीत. लॅपटॉपला ऑप्टिकल नसतं एवढंच म्हणणं.

काळी पाच
दोघांचंही वायरींपलीकडे जात नाहीये. डॅक वेगळा घ्यायचा तो आवाजासाठी. ॲम्पच्या आतला डॅक सोडून बाहेरचा लावला तेव्हा तानपुऱ्याची जवारी उघडली. आधी चारही तारा एकत्र गुणगुणत होत्या, आता खर्जाची तार आपल्या जागी वेगळी ऐकू येते. ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोजमापात दिसत नसेल तर मोजमाप तोकडं आहे.

वायरमन
काळी पाच, कानाबद्दल आदर आहे, पण आवाज जुळवून ऐकलंत का? लाइन-आउट साधारण दोन व्होल्टचा असतो, पण सगळे डॅक तो पाळत नाहीत. एक २ आणि दुसरा अडीच व्होल्टचा असेल तर दुसरा जवळजवळ दोन डेसिबल मोठा वाजतो. एवढा फरक ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘उघडा’ म्हणून कळतो.

१०० हर्ट्झचा सूर लावा, साधा मल्टिमीटरही तिथे भरवशाचा असतो. स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही डॅकचे आकडे एक टक्क्याच्या आत आणा. म्हणजे एकाचे २.०० तर दुसऱ्याचे २.०२ पर्यंत चालतील. मग दुसऱ्या कुणाला तरी स्विच करायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा. जवारी कुठल्या बाजूला उघडते ते तेव्हा सांगा.

चिपच्या नावांवरची भक्तीही अशीच. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानला नोबेओका इथला, डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएमचा कारखाना जळाला. एकेएमच्या चिप मिळेनात म्हणून बऱ्याच कंपन्या ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर गेल्या. लगेच ‘एकेएम मखमली, ईएसएस कर्कश’ सुरू झालं आणि जुन्या स्टॉकला भाव आला. आवाज न जुळवता काढलेल्या अशा निष्कर्षाला माझ्या लेखी शून्य किंमत.

अनुस्वार
वायरमन, या युक्तिवादाच्या पुढचं पाऊल म्हणून नेहमी २००७ चा मेयर आणि मोरान यांचा प्रयोग येतो, म्हणून मीच आणतो. हाय-रिझोल्यूशन (सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या) डिस्कच्या सिग्नलमध्ये सीडीच्या दर्जाचा, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, टप्पा घातला आणि लोकांना ओळखायला सांगितलं. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. पण २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला. फरक लहान, पण निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ‘काहीच ऐकू येत नाही’ हे विधानही मग पुराव्याच्या पुढे पळतं. अर्थात दोन्ही अभ्यास फॉरमॅटबद्दलचे आहेत, डॅकच्या ब्रँडबद्दलचे नाहीत.

वायरमन
मान्य. पण ५२.३ च्या भरवशावर मी स्पीकरचे पैसे डॅककडे वळवणार नाही. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तरी याच्या कितीतरी पट फरक पडतो, आणि ओढायला पैसे लागत नाहीत.

माळ्यावरचा
एवढं सगळं कशाला? वडिलांच्या वेळचा सोनोडाइनचा ॲम्प माळ्यावरून काढला, कपॅसिटर बदलून घेतले, मागे आरसीए इनपुट तेव्हाचंच. त्याला ॲपलचा तो बोटभर यूएसबी-सी डोंगल, म्हणजे छोटा डॅकच, लावला. एक व्होल्ट आउटपुट, एक ओहमच्या आसपास आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे धागाकर्त्याचा अष्टमांशाचा नियमही पाळला गेला. एचडी ६०० एक व्होल्टला ९७ डेसिबल देतो. झालं की! उरलेल्या पैशात खोलीला जाड पडदे आणि एक गालिचा. (त्या डोंगलचं युरोपातलं मॉडेल निम्म्या व्होल्टचं असतं, तिकडून कुणी आणलं तर तेवढं बघून घ्या.)

काळी पाच
मल्टिमीटर आणतो, वायरमन. बघू.

माळ्यावरचा, तुमचे ९७ डेसिबल हे डिजिटल सिग्नल पूर्ण भरल्यावरचे. सिनेमाच्या गाण्यांना चालेल, ती तशीच ठासून भरलेली असतात. ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आलाप त्याच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली चालतो. म्हणजे कानाशी उरले बहात्तर ते सत्त्याहत्तर. वर पंखा चालू असेल तर खर्जाच्या मींडेचं शेवटचं टोक गेलंच समजा, आणि व्हॉल्यूम आधीच पूर्ण वर आहे. के७ सारख्याला तिथे ताकद शिल्लक असते. डॅकबद्दलचं माझं राहू द्या बाजूला, या मुद्द्यावर मी धागाकर्त्याबरोबर आहे.

माळ्यावरचा
पंखा बंद करा.

डावाउजवा
मे महिन्यात?

भाडेकरू
धागा वाचून कुणी टीव्हीपासून सुरुवात करणार असेल तर एक कामाची गोष्ट. ऑप्टिकल जोडूनही आवाज येत नसेल तर ॲम्प परत करायला धावू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट बहुतेक ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर असेल, ते ‘पीसीएम’ (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) करा. या स्टीरिओ डॅकना डॉल्बी उलगडता येत नाही, मग तो आतला असो की बाहेरचा.