अनुभव धागा : ऐकलं एक, होतं भलतंच (इंग्रजी स्पेशल)

म्हापशाची माई : काल लेकीच्या वहीत 'स्केपगोट'च्या (बळीचा बकरा) जागी 'एस्केप गोट' वाचलं आणि आधी हसले, मग गप्प झाले. मी स्वतः कॉन्व्हेंटात चौथीपर्यंत रोज सकाळी हात जोडून 'हॅरल्ड बी दाय नेम' म्हणायचे. खरा शब्द 'हॅलोड', म्हणजे पवित्र, हे कुणाला ठाऊक? देवाचं नाव हॅरल्ड, विषय संपला. वाड्यावर त्या नावाचे दोघे होते, म्हणून शंकाही आली नाही. तुमचे घोळ येऊ द्या.

फोंडेकर : सासऱ्यांचं कॅटॅरॅक्ट. शेजारच्या काकी देवळात सांगून आल्या, 'त्यांचं कॅरेक्टर खराब झालंय, गुरुवारी काढतायत.'

वाचनवेडा : माईंनू, लेकीला रागावू नका. 'स्केपगोट' हा शब्द टिंडेलने १५३० साली बायबलच्या भाषांतरात घडवला, त्यातला 'स्केप' म्हणजे 'एस्केप'च. दोन बोकडांतला एक बळी जायचा, दुसरा सगळ्यांची पापं घेऊन रानात सुटायचा. पोरगी मुळापर्यंत पोचली की!

म्हापशाची माई : हे तिला कळलं तर उद्या बाईंशी भांडेल 😂

शॅकवाला : कळंगुटला मेनू मीच लिहायचो. कोबीच्या सॅलडला, म्हणजे 'कोलस्लॉ'ला, 'कोल्ड स्लॉ'. थंडच देतो ना! दोन सीझन चाललं. शेवटी एक डच म्हातारा म्हणाला, अरे, 'कोल' म्हणजे कोबी. टीप मात्र बरी दिली.

सांगेची सून : सुताराचं बिल : 'चेस्टर ड्रॉवर, १ नग'. हा चेस्टर कोण, अर्धा तास वाद. निघालं 'चेस्ट ऑफ ड्रॉवर्स', खणांचं कपाट!

पेडणेकर : आजीला अल्झायमर्स होता. आजोबांनी 'ओल्ड टाइमर्स' ऐकलं. येईल त्याला सांगायचे, जुन्या काळात गेलीय ती. खरंच, शाळेतले पोर्तुगीज पाढे धडाधड म्हणायची, आमची नावं नाही. आजोबांची चूक कुणीच सुधारली नाही.

सांगेची सून : 🙏 माझ्या आईचंही तेच चाललंय.

वाचनवेडा : अशा ऐकण्याला 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली त्याबद्दल लिहिलं होतं. लहानपणी एका स्कॉटिश पोवाड्यातलं 'लेड हिम ऑन द ग्रीन' तिला 'लेडी मॉन्डेग्रीन' ऐकू आलं. सरदाराबरोबर एक बाईही मेली, असं धरून बसली होती.

फोंडेकर : नसलेल्या बाईचं सुतक!

सांगेची सून : माई, शुक्रवारी बाजारात जाल तर अर्धा किलो अळसांदे आणाल?

म्हापशाची माई : आणते गो. कुकर वाजला, पळते. आत्याचा 'एक्झॉस्टेड फॅन' राहिलाच, रात्री लिहिते.