मदत हवी आहे: नवीन पीसी, रायझन ५ ५६०० प्रोसेसर साडेतीन गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही

मांजलपूरकरीण

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लग्नामुंजीचे व्हिडिओ एडिट करून देते, त्यातच ब्लेंडरमध्ये टायटल्स वगैरे बनवते. लॅपटॉप अगदीच टेकीला आला होता म्हणून सीझनच्या तोंडावर नवीन पीसी असेंबल करून घेतला, दुकानातच जोडून दिला त्यांनी. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ च्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटची एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ग्राफिक कार्ड जुनंच १६६० सुपर आणि कूलर प्रोसेसरच्या खोक्यातलाच.

तर प्रॉब्लेम असा की खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि टास्क मॅनेजरमध्ये ३.४७, ३.४९ असंच काहीतरी दिसत राहतं, एक्सपोर्ट लावला तरी तेच, नुसतं क्रोम उघडलं तरी तेच, ४ चं तोंड म्हणून बघितलेलं नाही. भावाच्या मित्राकडे हाच प्रोसेसर आहे, त्याच्याकडे ४.३, ४.४ असं खालीवर नाचत असतं आणि माझाच प्रोजेक्ट त्याच्याकडे बराच लवकर रेंडर होतो. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजायची टेस्ट) पण चालवलं, मल्टीला, म्हणजे सगळ्या कोअर एकत्र चालवून, माझे ८८०० च्या आसपास येतात आणि त्याचे पावणेअकरा हजार.

दुकानात फोन केला तर "बेन, ए तो एटलुं ज चाले, ४.४ तो कंपनीवाळा लखे" एवढंच. चिपसेट ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून टाकलाय, विंडोज ११ अपडेटेड आहे, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आहे. टेंपरेचर रेंडरला ७४-७५ दिसतं, म्हणजे तापून स्लो होतोय असंही नाही ना? जाणकारांनी प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात दोन लग्नांचं फुटेज येतंय.

खटपट्या

ताई, दुकानदार अर्धंच खरं बोलतोय. ५६०० चा बेस क्लॉक, म्हणजे मूळ स्पीड, ३.५ आहे, तेवढा मिळायलाच हवा. ४.४ हा मॅक्स बूस्ट, म्हणजे सेलच्या बोर्डावर "५०% पर्यंत सूट" लिहितात त्यातलं "पर्यंत". एकदोन कोअरवर लोड असेल तर ४.४ ला टेकतो, सगळ्या ६ कोअरना जुंपलं की ४.२-४.३ च्या आसपास राहतो, कारण ६५ वॅटच्या ह्या चिपला सॉकेटमधून जास्तीत जास्त ७६ वॅट घ्यायची परवानगी असते. पण तुमचा ३.५ ला चिकटून बसलाय, जराही हलत नाही, त्याअर्थी बूस्ट कोणीतरी बंदच केलंय.

आधी विंडोजमध्ये बघा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. तिथे ९९ टक्के असेल तर १०० करा. एका टक्क्याने काय होतंय असं वाटेल पण ९९ केलं की बूस्ट पूर्ण बंद होतं. लॅपटॉप गार ठेवायची ही युक्ती यूट्यूबवर इतकी फिरलीय की लोक डेस्कटॉपवरही करून ठेवतात.

वडापाव_३२बिट

एसएमपीएस बदला. लोकल एसएमपीएसने असंच होतं, आमच्या ऑफिसात झालं होतं. चांगल्या कंपनीची ६५० ची घ्या, प्रश्न मिटेल.

खटपट्या

अहो एसएमपीएस कमी पडली तर मशीन लोडवर बंद पडेल नाहीतर रिस्टार्ट होईल, शहाण्यासारखं ३.५ ला थांबून राहणार नाही. आधीच त्यांना पाचसहा हजारांच्या खर्चात कशाला पाडता?

मांजलपूरकरीण

बघितलं, आधीपासून १०० च आहे :( सीपीयू-झेड (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघितलं त्यात अजून एक विचित्र दिसलं, मेमरीच्या टॅबमध्ये फ्रीक्वेन्सी १२०० येतेय. मी तर ३२०० ची रॅम घेतली, बिलावर पण ३२०० च आहे! आणि चॅनलपुढे १ × ६४-बिट असं आहे. हे पण त्याच्याशीच रिलेटेड आहे का? का रॅमच दुसरी टाकून दिली?

जुना_जमाना

ताई, रॅम दुसरी नसावी. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं. १२०० म्हणजे २४०० ला चाललीय, ३२०० ला चालली की तिथे १६०० दिसेल. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवणारं सेटिंग) चालू केलेलं नाही एवढंच, आसुसच्या बोर्डावर त्याला डीओसीपी म्हणतात. आणि १ × ६४ म्हणजे सिंगल चॅनल, दोन्ही रॅमचा डेटा एकाच वाटेने जातोय. दोन्ही रॅम शेजारीशेजारी लावून दिल्या असणार. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते एकदा बघून घ्या. एवढं साधं ज्याने बघितलं नाही त्याने बायोसमध्ये आणखी काय उद्योग करून ठेवलेत कोण जाणे, म्हणून तिथेच शिरा. मशीन चालू करताना डिलीट दाबत राहा, अॅडव्हान्स्ड मोडमध्ये जाऊन सीपीयूच्या सेटिंगमध्ये "कोअर परफॉर्मन्स बूस्ट" शोधा. प्रत्येक बोर्डावर जागा वेगळी असते पण नाव हेच. ते ऑटो पाहिजे, माझी खात्री आहे की तुमच्याकडे डिसेबल्ड असेल.

असेंबलवाल्यांची ही परंपरा जुनीच आहे हो. अॅथलॉन एक्सपी १८०० प्लस नावाचा प्रोसेसर यायचा, त्याचा खरा स्पीड १५३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेअकरा गुणिले १३३. बोर्डावर ती १३३ ची बस, म्हणजे बोर्डाचा मूळ ठोका, १०० ला ठेवून दिली की तोच ११५० ला चालायचा आणि गिऱ्हाइक बिचारं १८०० चे पैसे मोजून ११५० वर टायपिंग करत बसायचं. तेव्हा निदान ही सेटिंग बदलायचे जंपर बोर्डावर डोळ्यांनी दिसायचे.

टर्बोताई

मला वेगळीच शंका येतेय. बूस्ट बंद असताना ह्या चिपला फार वीज लागत नाही, म्हणजे ३.५ वर ७४ डिग्री हे कमी नाही, जास्तच आहे. सध्याच्या उन्हाळ्यात खोलीच ३४-३५ ची असेल हे धरलं तरी जास्त. एचडब्ल्यूइन्फो ह्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू पीपीटी, म्हणजे सॉकेटमधून घेतली जाणारी वीज, किती वॅट दिसतंय ते रेंडर चालू असताना बघून सांगा. चाळीसच्या घरात असेल आणि तरी ७४, तर कूलर नीट बसलेला नाही. बूस्ट चालू केलंत की लगेच टेंपरेचरवर नजर ठेवा.

मांजलपूरकरीण

अपडेट. पीपीटी ४३-४४ वॅट होतं. जुना_जमाना काका, तुम्ही म्हणालात तस्संच, कोअर परफॉर्मन्स बूस्ट डिसेबल्ड होतं! ऑटो केलं, एक्सएमपी पण चालू केलं. रॅमचे स्लॉट बदलायला अजून कॅबिनेट उघडलं नाहीये.

आता ऐका पुढचं. सिनेबेंच लावलं, सुरुवातीला ४.३ दिसलं आणि मी इथे उड्या मारल्या, पण पाणी पिऊन येईस्तोवर ९० डिग्री, पंखा असा ओरडतोय की शेजारच्या खोलीतून आईने विचारलं मिक्सर कोणी लावलाय, आणि स्पीड खाली येत येत ३.७. म्हणजे टर्बोताई म्हणतात तेच झालं ना?

टर्बोताई

हो. ५६०० ची मर्यादा ९० च आहे, तिथे टेकला की स्वतःला सांभाळायला स्पीड पाडतो, जळत नाही, त्यामुळे घाबरू नका पण असं रेंडरही करू नका. आणि दुकानात काय झालं असेल ते आता उघड आहे. टेस्ट करताना ९० दिसलं, कूलर काढून परत बसवायचा कंटाळा, दिलं बूस्ट बंद करून, की गिऱ्हाइक तक्रार घेऊन येत नाही. बिलात ४.४ चा प्रोसेसर आणि हातात ३.५ चा. मला ह्या प्रकाराचा भयंकर राग येतो, कारण ज्याला टास्क मॅनेजर उघडायचं सुचत नाही तो वर्षानुवर्षं तसाच वापरत राहतो.

तुमच्यासमोर दुकानात करून घ्या नाहीतर घरी करा. घरी करणार असाल तर एक गोष्ट अजिबात विसरू नका, एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रकारच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेटची पकड फार नसते. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला की वाळलेल्या थर्मल पेस्टला (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, आणि एखादी पिन वाकली की रडायची वेळ. म्हणून आधी दहापंधरा मिनिटं काहीतरी लोड लावून पेस्ट मऊ होऊ द्या, मशीन बंद करा, प्लग काढा, पंख्याची वायर काढा, चारही स्क्रू थोडेथोडे सैल करा, मग कूलर डावीउजवीकडे हलका पिळत सोडवा आणि सुटल्यावरच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाइल रिपेअरवाल्याकडे मिळतं. नवीन पेस्ट मध्यावर वाटाण्याएवढी. बसवताना चारही स्क्रू आधी दोनतीन आटे धरेपर्यंत हाताने फिरवा, मग तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की कूलर कलतो.

वडापाव_३२बिट

एवढं करण्यापेक्षा बायोसमध्ये ४.४ फिक्स करून टाका की, मॅन्युअल ओव्हरक्लॉक.

खटपट्या

९० ला टेकलेल्या प्रोसेसरला अजून व्होल्टेज द्यायचं? धन्य आहात.

मांजलपूरकरीण

मंडळी, झालं!! आधी दुकानात फोन केला, म्हणाले मशीन ठेवून जा, चार दिवसांनी बघतो. चार दिवस ठेवायला माझ्याकडे वेळ कुठे होता, म्हणून भावाला हाताशी घेऊन घरीच उघडलं. टर्बोताईंनी सांगितलं तसं गरम करून, पिळून काढला, प्रोसेसर जागच्या जागी राहिला, हुश्श.

खाली बघितलं तर प्रोसेसरच्या साधारण अर्ध्या भागावर पेस्ट दाबून पातळ झालेली आणि रॅमच्या बाजूला जशीच्या तशी जाड, करड्या रंगाची, कूलरवरच्या छापाचे गोल ठिपके पण मोडलेले नाहीत. म्हणजे तिकडे टेकलेलाच नव्हता. त्या बाजूचे दोन्ही स्क्रू मागच्या प्लेटमध्ये नीट गेलेच नव्हते, एक तर आटे न धरताच नुसता स्प्रिंगवर उभा होता, बोटाने हलत होता. भावाने चारही हाताने फिरवून घेतले मग तिरके आवळले. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये गेल्या.

आता सिनेबेंचला सगळ्या कोअरवर ४.२५ च्या आसपास, पीपीटी बरोबर ७६ ला जाऊन थांबतं, टेंपरेचर ८२-८३. स्कोअर १०,७०० च्या पुढे. एकच कोअर चालवली की ४.४ दिसतं, फोटो काढून ठेवलाय दुकानदाराला पाठवायला. सीपीयू-झेडमध्ये १६०० आणि २ × ६४-बिट. काल जो टायटल रेंडर रडतखडत चालला होता तो चहा होईपर्यंत संपला.

आता एकच उरलंय, पंख्याचा आवाज. मिक्सर नाही पण टेबलफॅन म्हणता येईल इतपत आहे, आणि मी रात्री एडिटिंग करते, आईची खोली शेजारीच. नवीन कूलर घ्यावा लागेल का?

टर्बोताई

मस्त! ८२ ह्या छोट्या कूलरला आणि आपल्या हवेला ठीक आहे. कूलर घ्यायचाच तर पुढे कधीतरी एक साधा टॉवर घ्या, आत्ता गरज नाही. रात्रीपुरतं इको मोड वापरून बघा, बायोसमध्ये नाहीतर एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये असतो, ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ च्या हिशोबाने चालतो. सगळ्या कोअरचा स्पीड थोडा उतरतो, एका कोअरच्या कामाला जवळजवळ फरक पडत नाही आणि पंखा बराच शांत होतो. दुकानदाराला गरमीची भीती होती तर त्याने हे करायचं होतं, बूस्टचा गळा दाबायची काय गरज होती?

जुना_जमाना

फॅन कर्व्ह, म्हणजे किती टेंपरेचरला पंखा किती फिरायचा ते सेटिंग, पण बघा. बायोसमध्ये सीपीयू फॅनला स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग असं काही मिळालं तर ते वाढवा. रायझनचं टेंपरेचर क्षणात दहा डिग्री उडी मारतं, त्यामागे पंखा धावतो आणि तो खालीवर होणारा आवाजच जास्त डोकं खातो.

मांजलपूरकरीण

स्टेप अप टाइम सापडला, वाढवला, ते सारखं हूंऽ हूंऽ होणं बंद झालं. इको मोड आज रात्री लावून बघते आणि इथेच आकडे टाकते. दुकानदाराला फोटो गेलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.